दोनदा सांगितलेलं नाव

पोरगी तीच होती. सकाळी नरसीकडच्या कॉलेजात खिडकीशी बसलेली, भुवईत भाजल्याचा लहानसा पांढुरका डाग असलेली. आणि आता दुपारी, कळमनुरीच्या रस्त्यावरच्या या दुसऱ्या कॉलेजात, मधल्या रांगेत. ओढणी तेवढी बदलली होती. सकाळची हिरवी होती, ही पिवळी, आणि पिवळी तिची स्वतःची नसावी, कारण ती सारखी घसरत होती आणि पोरगी ती सावरतही नव्हती. भीमराज पाईकराव वर्गात शिरला तेव्हा त्याच्या बगलेत फाइल होती, खांद्यावर सत्काराची शाल होती, आणि शालीचं काय करावं हे न सुचल्यामुळे तो जरा ओशाळला होता. त्या ओशाळलेपणातच त्यानं सवयीनं बोट केलं आणि विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?" विचारून झाल्यावर त्याला कळलं की आपण कुणाला विचारलं. पोरगी उभी राहिली. भिंतीशी उभ्या असलेल्या बाईंचे ओठ हलले. आवाज न करता त्या 'सीमा' म्हणाल्या, ते भीमराजलाही दिसलं. पोरीनं बाईंकडे पाहिलंच नाही. ती सरळ भीमराजकडे पाहत, सकाळच्याच आवाजात, सकाळचंच नाव म्हणाली, "रागिणी ज्ञानबा पोले."

वर्गात कुणीतरी खोकलं. आणि मग भीमराजच्या तोंडून निघालं, "बस, बस. छान." एवढं म्हणून तो लगेच शेजारच्या मुलीकडे वळला आणि तिचं नाव विचारलं, इतक्या झटकन की मध्ये कुणाला काही बोलायला फटच राहू नये. शेजारची मुलगी घाबरत घाबरत काहीतरी म्हणाली. ते त्यानं ऐकलं नाही. डोळ्यांच्या कडेनं त्याला एवढंच दिसत होतं की ती पहिली पोरगी अजून खाली बसली नव्हती.

भीमराज विद्यापीठात सहायक कुलसचिव होता, संलग्नता विभागात. कोणत्या गावात कॉलेज चालू राहावं आणि कोणत्या गावात राहू नये, याची शिफारस करायला विद्यापीठाची समिती जिल्हाभर फिरायची आणि भीमराज तिचा सचिव म्हणून बरोबर असायचा. त्या दिवशीची दोन्ही कॉलेजं एकाच संस्थेची, दोन्ही मुलींची, दोन्ही विज्ञानाची. शिवप्रसाद भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष. तपासणीच्या दिवशी वस्तू इकडच्या तिकडे होतात हे विद्यापीठात कुणाला ठाऊक नव्हतं? लग्नघरी शेजाऱ्यांची पातेली यावीत तशी पुस्तकं यायची, कपाटं यायची, काचेची भांडी यायची, आणि समितीची गाडी फाट्यापार गेली की ज्याची त्याच्याकडे परत जायची. वर्गात बसायला मुलं आणतात हेही ऐकून होता तो. पण आणलेली मुलं म्हणजे त्याच्या लेखी गर्दी होती. गर्दीला भुवई नसते. आज पहिल्यांदा त्याला भुवई दिसली होती, आणि तीसुद्धा त्याच्याच सवयीमुळे. प्रत्येक कॉलेजात एखाद्या विद्यार्थ्याला तो नाव विचारायचा, गाव विचारायचा, वडील काय करतात विचारायचा. बाकीचे साहेब भिंती आणि छत पाहून निघून जातात, आपण माणसांशी बोलतो, याचा त्याला मनातल्या मनात थोडा अभिमानच होता. सकाळी तिनं सांगितलं होतं की बाप मेंढरं राखतो, आणि तो म्हणाला होता, "वा! शीक हं चांगली."

इथला रिवाज असा की अहवाल जागेवरच भरायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मगच जेवायला बसायचं. समितीचे अध्यक्ष प्राचार्य परमेश्वर सोळंके. मनानं चांगला माणूस, मधुमेहाचा, जेवणाची वेळ चुकली की घाम फुटणारा. ते भराभर लिहीत गेले. प्रयोगशाळा समाधानकारक, उपस्थिती समाधानकारक, ग्रंथालय समाधानकारक. "पाईकराव, काही राहिलं का?" त्यांनी विचारलं. भीमराजनं मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे त्याला नंतर आठवेना. सोळंकेसरांनी ती नाही अशी धरली आणि पेन त्याच्या हातात दिलं. जेवताना शिवप्रसाद स्वतः वाढायला उठले. सगळ्यांना एकेक पुरणपोळी वाढत आले आणि भीमराजच्या ताटात दोन टाकल्या. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोपटलं नाही, दाबलं नाही, नुसता ठेवला आणि उचलला. भीमराजला वाटलं, हा माणूस माझे आभार मानतोय. कशाबद्दल मानतोय हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि आता ते दोघांचं मिळून झालं.

परतीच्या वाटेवर सोळंकेसर गाडीत घोरू लागले. भीमराज खिडकीतून बाहेर पाहत होता. सोयाबीन काढून झालेली रानं, मध्येच तुरीचे पट्टे, रस्त्याच्या कडेनं सायकलवरून जाणाऱ्या मुली. शाळेच्या का कॉलेजच्या, वेगात कळत नव्हतं. तो स्वतःला सांगत होता की आपण योग्य तेच केलं. पोरगी गोंधळली. लेकरूच ते. पढवलेलं नाव आयत्या वेळी विसरली आणि स्वतःचं सांगून बसली. आपण हटकलं असतं तर भर वर्गात तिची शोभा झाली असती. उद्या संस्थेनं तिला दारात उभं केलं नसतं. आपण तिला सांभाळून घेतलं. हा 'सांभाळून घेतलं' शब्द त्याला बरा वाटला, आणि हिंगोली येईपर्यंत तो त्याच शब्दाला धरून बसला. पण रेल्वे फाटकाशी गाडी थांबली, सोळंकेसरांचं घोरणं बंद पडलं आणि तेवढ्या शांततेत त्याला पुन्हा तिचे डोळे दिसले. गोंधळलेल्या माणसाची नजर भिरभिरते. हिची तर जागची हलली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं शाल करुणाच्या हाती दिली. करुणा त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरातल्या कपाटाचा एक खण या शालींनीच भरलेला होता, आणि दर थंडीत ती त्यातल्या कुणाकुणाला देऊन टाकायची. "ही बरी आहे," ती शाल चाचपून म्हणाली. "कुठली?" त्यानं सांगितलं. मग न विचारताच पोरीचंही सांगितलं, हसत हसत, जणू गंमत. करुणा हसली नाही. "मंग तुमी काय केलं?" तिनं विचारलं. "बस म्हणालो. सांभाळून घेतलं." "कुणाला?" ती म्हणाली, आणि शाल घेऊन आत गेली. तेवढ्यात वीज गेली. ती रोजच त्या वेळेला जायची, तरी भीमराजला उगाच वाटलं की कुणीतरी मुद्दाम घालवली. अंधाऱ्या ओसरीत तो बसून राहिला. पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला. करुणानं विचारलेला शब्द केवढासा, पण तो कानातून जाईना.

त्याला गावची शाळा आठवली. औंढ्याकडचं गाव, शाळा मारुतीच्या पाराशी. तपासणीला साहेब येणार असले की गुरुजी आदल्या दिवशीच बुद्धवाड्यात निरोप धाडायचे, उद्या समद्या पोरांनी यायचं, अंघोळ करून यायचं. एरवी ही पोरं दाराशी बसायची, चपलांजवळ. त्या दिवशी गुरुजी त्यांना पुढं बसवायचे, अगदी फळ्याजवळ, म्हणजे साहेबांना दिसावं की इथं सगळ्यांना शिक्षण मिळतं. भीमराजला तो दिवस फार आवडायचा. फळ्यावरचं अक्षर इतकं स्पष्ट असतं हे त्याला तपासणीच्या दिवशीच कळायचं. वडील कोंडीबा मजुरीला जाताना विचारायचे, "आज काहून एवढा खूश?" आणि तो म्हणायचा, "साहेब येनार हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा चपलांजवळ. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. उलट साहेब वारंवार का येत नाहीत याचंच त्याला वाईट वाटायचं. एकदा तर साहेबांनी त्याच्याच डोक्यावर हात ठेवून विचारलं होतं, "रोज इथंच बसतोस का रे?" आणि तो मोठ्यानं "व्हय" म्हणाला होता. साहेबांनी गुरुजींकडे पाहून मान डोलावली. आज ओसरीत बसून भीमराजला पहिल्यांदाच प्रश्न पडला की त्या साहेबांना खरंच काही कळलं नव्हतं का. चड्डीला चपलांजवळची धूळ लागलेला पोरगा पहिल्या रांगेत कसा, एवढं तर कुणालाही दिसलं असतं. दिसलं असणारच. तेही म्हणाले असतील मनात, लेकराला कशाला अडचणीत आणा. त्याला एकदम उकडू लागलं. तो उठला, अंगणात गेला, परत आला, पाणी प्याला, पुन्हा अंगणात गेला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात त्याचं कशातच लक्ष लागेना. सोमवारी बैठक होती. समितीचे सगळे अहवाल तिथं एकगठ्ठा ठेवले जायचे आणि तासाभरात मंजूर व्हायचे. एकदा मंजूर झालं की त्या दोन्ही कॉलेजांना पुढची काही वर्षं कुणी हात लावणार नव्हतं. त्याआधी सचिवाला वेगळं टिपण देता येत होतं, नियमात तशी सोय होती. ती सोय कुणी वापरल्याचं मात्र भीमराजच्या पाहण्यात नव्हतं. तो कोरा कागद पुढं ओढायचा, लिहायला लागायचा. तपासणीदरम्यान असे निदर्शनास आले. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत असे आढळून आले. मग खोडायचा. काय आढळलं? कुणाला आढळलं? आढळल्यावर सही कशी केली? कागद चुरगळून टोपलीत जायचा, आणि शिपाई चहा घेऊन आला की टोपलीवर नजर जाऊ नये म्हणून भीमराज त्याच्याशी उगाचच पोराबाळांच्या गोष्टी काढायचा.

नवं विद्यापीठ झालं तेव्हा तो अगदी सुरुवातीच्या लोकांत होता. पत्र्याच्या खोल्या, टेबलं कमी, माणसं जास्त, पण अंगात वारं शिरलेलं. भिंतीवर मराठवाड्याचा नकाशा लावला होता आणि नव्या कॉलेजला मान्यता मिळाली की भीमराज स्वतः उठून त्या गावावर लाल टाचणी टोचायचा. पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तर टाचण्या पुरेनात. प्रत्येक टाचणीपाशी त्याला वाटायचं, इथल्या पोरीबाळींना आता हिंगोली-नांदेडला खोली करून राहावं लागणार नाही. आई त्याच दिवसांत एकदा ऑफिस बघायला आली होती. जनकाबाईनं नकाशा पाहिला, टाचण्या पाहिल्या आणि विचारलं, "तू काय करतूस रं हितं?" "कॉलेजांना मान्यता देतो." "आन न्हाई बी देता येती का?" "येते की." "मंग तर लई मोठं काम हाय," ती म्हणाली, आणि थोडं थांबून पुन्हा, "कवा दिली न्हाईस का?" त्यानं हसून विषय बदलला आणि तिला कॅन्टीनमध्ये नेलं. खरं उत्तर असं होतं की कधीच नाही. नाही म्हणायची वेळ आली की कुणाचातरी फोन यायचा, किंवा फोन यायच्या आधीच त्याला स्वतःलाच कारण सापडायचं. गोरगरिबांच्या लेकी शिकून राहिल्या साहेब, तुमच्याआमच्यासारख्यांच्या, असं शिवप्रसाद म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच तर त्याचा काच व्हायचा. शिवप्रसादनं लाच देऊ केली असती तर भीमराजनं ती तोंडावर फेकली असती. तेवढा तो नाकासमोर चालणारा होता. पण समोर उभं केलं होतं ते मुलींचं शिक्षण, आणि ते कसं फेकणार?

शुक्रवारी त्यानं न राहवून सोळंकेसरांना फोन केला. आडून आडून विचारलं. सरांनी त्याला बोलूच दिलं नाही. "अहो पाईकराव, मीही पाहिली ती पोरगी," ते सहज म्हणाले. "भुवईवर डाग होता तीच ना? मला काय दिसत नाही होय? तुम्ही छान निभावून नेलंत हो. मी मनात म्हटलं, माणूस मुरला आता." भीमराज फोन हातात धरून उभा होता. "अन् बघा," सर पुढं म्हणाले, "ते बंद करून काय साधणार? सत्तर-ऐंशी पोरी घरी बसतील. वर्षभरात हळदी लागतील. पाप कुणाच्या माथी? आपण काही देव नाही लागून गेलो." हेच तर तो स्वतःला आठवडाभर सांगत होता. दुसऱ्याच्या तोंडून, मध्येच घरच्यांना मधुमेहाची गोळी मागता मागता, तेच ऐकलं आणि ते किती गुळगुळीत आहे हे त्याला कळलं. त्याला स्वतःचा राग आला. सरांचाही आला. पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या 'मुरला' शब्दाची.

रविवारी करुणाला त्यानं नरसीला जाऊन येतो एवढंच सांगितलं. "दर्शनाला?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिनं डबा भरून दिला. एसटी नरसीला थांबली तेव्हा नामदेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या माणसांबरोबर तोही थोडा वेळ चालला, प्रसादाच्या दुकानांपाशी थांबला, एक नारळ हातात घेऊन परत ठेवला. मग काळी-पिवळी जीप पकडून पुढं गेला. तिचं गाव त्याला पाठ होतं. कयाधूच्या काठी, रस्ता संपतो तिथं. तिथं जाऊन काय विचारायचं हेही त्यानं ठरवलं होतं. एकच विचारायचं: ती चुकली होती का? चुकली असेल तर आपण बरोबर. मग टिपण नको, काही नको, सोमवार येऊ दे आणि जाऊ दे. जीपमधल्या दाटीत कुणाचातरी गुडघा बरगडीत घेऊन बसल्या बसल्या त्यानं अगदी मनापासून इच्छा केली की ती चुकलेली असावी.

ज्ञानबा पोले घरासमोर बाभळीखाली मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होता. भीमराजनं नाव सांगितलं. आडनाव ऐकून ज्ञानबा क्षणभर थांबला, मग आत तोंड करून बायकोला म्हणाला, "पंचफुला, च्या ठेव. पाव्हणे हायेत." त्यानं बाज ओढून दिली आणि पुन्हा कातर हातात घेतली. "कॉलेजातूनच आले का?" "तसंच म्हणा. रागिणी आहे का?" "हाय की. आता घरीच ऱ्हाती. परवा त्या संस्थेचा मानूस येऊन गेला. म्हनला, पोरीला धाडू नका. मोठ्या सायबापुढं आगाऊपना केला म्हनं तिनं." "कोणत्या साहेबापुढं?" भीमराजनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. "युनिव्हर्शिटीचे कोनी आल्ते म्हनं." कोकरं कुंपणाआड ओरडत होती. भीमराज म्हणाला, "तो मीच." ज्ञानबाच्या हातातली कातर थांबली. त्यानं मेंढीवरचा गुडघा काढला, ती अर्धी कातरलेली तशीच उठून पळाली. तो उभा राहिला, डोक्याचा पटका नीट केला आणि हात जोडले. "सायब, लेकराकडून तुमाला तकलीफ झाली आसंल तर माफ करा. तिला समजत न्हाई. एवढं वरीस तिला बसू द्या. मंग आमी न्हाई धाडत." त्या जोडलेल्या हातांना कातरीच्या कड्यांनी घट्टे पडले होते. भीमराजला तिथून पळून जावंसं वाटलं. आपण सांभाळून घेतलं ते हे. याला आपण सांभाळणं म्हणत होतो.

"त्याहिला काहून हात जोडता, बाबा?" दारातून आवाज आला. रागिणी बाहेर आली. हातात चहाचा कप होता. तो तिनं भीमराजच्या हाती दिला आणि समोर उभी राहिली. "वळखलं होतं ना सर, तुमी मला?"

"हो."

"मंग?"

"मला वाटलं, तू गोंधळलीस," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला मिळमिळीत वाटला. "चुकून बोलून गेलीस. म्हणून सांभाळून—"

"चुकून?" तिला हसूच आलं, पण ते लगेच मावळलं. "हितून तितं जाईपस्तोर जीपमधी बाई मला सीमा म्हनाय लावत होत्या. समद्या रस्त्यानं. तितल्या पटावरच्या सीमाचं लगीन होऊन गेलं, ती कशाला येती आता? आमच्या मांडीवर मायक्रोस्कोप ठेवले होते. खड्ड्यात आदळून फुटू नये म्हनून आमाला जीपमधी घेतलं सर, बसाया पोरी पायजे अन् धराया बी. वरीसभर म्या बॉटनी शिकून राहिले, अन् मायक्रोस्कोप त्याच दिवशी पाहिला. मांडीवर घेऊन नेला, पन डोळा लावू दिला न्हाई. म्हने, बिघडंल, परत द्यायाचा हाय." ती बोलत होती आणि भुवईतला डाग वर-खाली होत होता. "सकाळी तुमी नाव विचारलं. गाव विचारलं. बाबा काय करते ते विचारलं. आमाला कुनी विचारत न्हाई. मला वाटलं, हे ध्यानात ठेवतील. म्हनून दुपारी म्या बराबर तेच नाव सांगितलं. अन् तुमी म्हनले, बस."

चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. भीमराजनं तो एका घोटात संपवला, काहीतरी करायला पाहिजे म्हणून. उद्या बैठक आहे, आपण वेगळं टिपण देणार आहोत, असं तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होता, आणि म्हटल्यावर ते खरं झाल्यासारखं वाटून त्याचा जीव घाबरा झाला. "पण एक समजून घे," तो म्हणाला. "मी लिहिलं तर दोन्हीकडची मान्यता जाईल. कॉलेज बंद पडेल. तुझ्या मैत्रिणी घरी बसतील."

"बंद पडाया आदी ते चालू तर पायजे ना, सर." ती बापाकडे वळली, मग पुन्हा भीमराजकडे. "दुसऱ्या कॉलेजात टाका आमाला. नरसीहून हिंगोलीला एसटी हाय. तुमाला येतं ना ते?"

येत होतं. मान्यता काढली तर मुलांची सोय जवळच्या कॉलेजात करण्याची जबाबदारी विद्यापीठाचीच होती, असा नियम त्याच्या ऑफिसातल्या पुस्तकात होता, त्यानं तो वाचलाही होता. कॉलेज बंद म्हणजे पोरी घरी, हे इतक्या वर्षांत कुणी तपासून पाहिलं नव्हतं. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं, शिवप्रसादच्या, सोळंकेसरांच्या आणि त्याच्याही. हिंगोलीच्या प्राचार्यांना गाठावं लागेल, जागा वाढवून मागाव्या लागतील, पासाचं बघावं लागेल, भांडावं लागेल. शिवप्रसाद गप्प बसणार नाहीत. सोळंकेसर तर म्हणतील, मी काही पाहिलं नाही. सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येणार. हे सगळं डोक्यात एकदम उसळलं तरी त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला जरा हुशारी वाटली. तो बाजेवरून उठला आणि तिच्या भल्यासाठीच, अगदी मायेनं म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी असं लिहीन की तुझं नाव कुठंही येणार नाही."

रागिणीचा चेहरा पडला. आत पंचफुलाबाईनं भांडी आवरायचं थांबवलं असावं, कारण तिकडून आवाज येईना.

"म्हंजी पुन्यांदा मला खालीच बसवून राहिले तुमी," ती म्हणाली.

भीमराजला कानफटात बसल्यासारखं झालं. तो काही बोलायला गेला, पण ती थांबली नाही. "घाला सर माझं नाव. म्या सांगितलं तसं, बापाच्या नावासकट. आता काय काढून घेतील ते? घरी तर बसलेच हाय. अन् तुमचं बी घाला. म्या सांगितलं अन् तुमी वळखलं, असं लिवा. माझं एकलीचं नाव दिसलं तर म्हनतील पोरगी खोटी बोलती. दोघांची पायजेत."

इतके दिवस तो चुरगळत होता त्या प्रत्येक कागदावर ही पोरगी कुठं ना कुठं होती. 'एक विद्यार्थिनी' म्हणून का होईना, होती. तो स्वतः मात्र त्यातल्या एकाही कागदावर नव्हता. मी तिला ओळखलं, मी तिला बस म्हणालो आणि मी सही केली, एवढं लिहायला किती जागा लागते? हे लिहिलं की नोकरीत आपलं काय होईल हे त्याला स्वच्छ दिसत होतं. चौकशी, बदली, आणि बढती तर विसरायचीच. करुणाला सांगावं लागेल. ज्ञानबा मघापासून उभाच होता, एकदा लेकीकडे आणि एकदा साहेबाकडे पाहत, आणि साहेब काय म्हणतात त्याची वाट बघत. अर्धी कातरलेली मेंढी कुंपणापाशी जाऊन उभी होती.

"घालतो," भीमराज म्हणाला. पण त्याचा आवाज इतका बारीक निघाला की ज्ञानबानं कानामागं हात धरून विचारलं, "काय म्हनले, सायब?" आणि मग त्यालाही तेच दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.